विलायती खड्डे

"इंग्लंडात रस्ते लोण्यासारखे, तिथल्या गाडीवाल्यांना कसलं आलंय दुःख?" असं एकांनी मला विचारलंय. मोटरवेवरून (मोठ्या महामार्गावरून) खाली उतरून गावातल्या रस्त्याला लागा, मग बोलू.

फेब्रुवारीत पाण्याने भरलेल्या खड्ड्यात माझं डावं पुढचं चाक आदळलं. टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा, रिमला पोचा. कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेकडे, फोटो पाठवले (खड्ड्यात शाळेची पट्टी उभी धरून काढलेले!), टायरची पावती जोडली. सहा आठवड्यांनी सभ्य इंग्रजीत नकार आला. १९८० च्या हायवेज अ‍ॅक्टचं कलम ५८ आहे ना! रस्त्याची तपासणी-दुरुस्ती वाजवी काळजीने केली होती, असं दाखवता आलं की कौन्सिल सुटते. म्हणून खड्डा दिसला की लगेच ऑनलाइन कळवून ठेवा. आधीची तक्रार नोंदलेली असली की हात झटकणं जरा जड जातं.

वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आली, तेव्हा विरोधातल्या अर्जावर चार लाखांहून जास्त सह्या पडल्या. मला ती मर्यादा पटते, पण हे ऑफिसात बोलायची सोय नाही.

आणि पार्किंग! बऱ्याच ठिकाणी नाण्यांची मशिनं काढून टाकली, जागोजागी वेगळं अ‍ॅप. माझ्या फोनवर पाच आहेत. परवा समुद्रकाठच्या पार्किंगला सहावं मागितलं, आणि तिथे रेंजच नव्हती.