अल्पोर्ट सिंड्रोम: भाच्याला कोणाला दाखवावे?

प्रश्न:
माझ्या 9 वर्षांच्या भाच्याच्या लघवीत वारंवार रक्तपेशी आढळतात. आता त्याला वर्गात मागच्या बाकावर नीट ऐकूही येत नाही, म्हणून डॉक्टरांनी अल्पोर्टची शंका घेतली आहे. या दोन्हींचा संबंध काय आणि कोणाला दाखवावे?

उत्तर 1:
मूत्रपिंडातील गाळणीचा पडदा, आतला कान आणि डोळा या तिन्ही ठिकाणी लागणारे चौथ्या प्रकारचे कोलॅजन (पडद्याला बळकटी देणारे प्रथिन) या आजारात जन्मतःच सदोष असते. बहुतेकदा हा दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने मुलग्यांना त्रास अधिक होतो. पण आईकडून तो आलेला असू शकतो, म्हणून तुमच्या बहिणीची लघवी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) आणि रक्तदाब अवश्य तपासून घ्या. घरातील बायकांची तपासणी नेहमी मागे राहते, याचे फार वाईट वाटते.

उत्तर 2:
लहान मुलांच्या मूत्रपिंडविकारांचे तज्ज्ञच गाठा. मुंबईत परळच्या वाडिया बालरुग्णालयात असा विभाग आहे. जनुकीय चाचणी, ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) आणि नेत्रतपासणीबद्दल त्यांना विचारा. लघवीतून प्रथिने जाऊ लागल्यास रामिप्रिलसारख्या औषधाने मूत्रपिंड निकामी होणे बरेच लांबवता येते, त्यामुळे चालढकल करू नये.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. बहिणीचीही तपासणी करून घेतो.