मदत हवी आहे: नवा नोड आला की पॉडचं बोलणं बंद

३ नोडचं (सर्व्हरचं) क्युबरनेटीस क्लस्टर (कंटेनर चालवणारी यंत्रणा; त्यातलं सगळ्यात लहान एकक म्हणजे पॉड) कमांड लाइनवरून टॅग लावून क्लाउड फायरवॉलला जोडलं आहे. पॉडच्या नेटवर्किंगला फ्लॅनेल हे प्लगइन, व्हीएक्सलॅन मोडमध्ये (नोडमधली पॉडची पॅकेट यूडीपीत गुंडाळून पाठवतं). आत येणारे नियम: नोडपोर्ट (बाहेरून सेवा गाठायचे नोडवरचे पोर्ट) ३००००–३२७६७ फक्त लोड बॅलन्सरकडून, टीसीपी १०२५० (प्रत्येक नोडवरच्या क्युबलेट एजंटचा पोर्ट) क्लस्टरच्या आतून. यूडीपी ८४७२ (फ्लॅनेलचा व्हीएक्सलॅन पोर्ट) आधी राहून गेलं होतं, म्हणून एकाच नोडवरचे पॉड बोलत आणि दुसऱ्या नोडवरच्या कोअरडीएनएसला (क्लस्टरच्या आतल्या डीएनएसला) विचारलं की टाइमआउट. तो नियम घातला, सोर्स (ट्रॅफिक कुठून आलेलं चालेल ते) म्हणून तोच टॅग दिला, प्रश्न सुटला.

आता ऑटोस्केलरने (गरजेनुसार नोड आपोआप वाढवणाऱ्याने) चौथा नोड आणला की तीच रड. नोड 'रेडी' दिसतो, पण टीसीपीडंप (पॅकेट बघायचं साधन) लावला तर ८४७२ ची पॅकेट त्याच्याकडून निघताना दिसतात, समोरच्या नोडवर एकही पोचत नाही. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येत नाही, नुसतं थांबून राहतं. म्हणजे फायरवॉलच गिळतोय. टॅग नोडना एकेक करून लावला होता, नोडपूलला (एकसारख्या नोडच्या गटाला) नाही. मूळ तिथेच असावं.

दोन गोष्टी सांगा. चालू नोडपूलला कमांडने टॅग दिला तर जुने नोड पुन्हा तयार होतात का? आणि सोर्समध्ये टॅगऐवजी नोडचं खासगी सबनेट दिलेलं बरं का? मला सबनेट जास्त भरवशाचं वाटतं, पण त्यात इतर मशीनही आहेत.