मदत हवी आहे: आत्याचा मोतीबिंदू आणि वाढलेली शुगर

नमस्कार मंडळी. माझी आत्या (वय ६८) केज तालुक्यात एकटी राहते. परवा गेलो तर चहा ओतताना तिनं कपात बोट घालून ठेवलं होतं, कुठवर भरला ते कळावं म्हणून! उजव्या डोळ्याची बाहुली पार पांढरी दिसते. "पिकू दे, मग काढू" असं तिला कुणीतरी सांगितलं आणि ती दोन वर्षं थांबली. आता तसं थांबावं लागत नाही, उलट फार पिकला तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नाही.

गावात शिबिराची गाडी आली होती. शुगर जास्त निघाली म्हणून तिला परत पाठवलं. ते बरोबरच, पण पुढे कुठे जायचं याची एक चिठ्ठीसुद्धा दिली नाही. मधुमेह बारा वर्षांचा, डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) एकदाही तपासलेला नाही. मोतीबिंदू इतका दाट असेल तर पडदा दिसत नाही, डोळ्याची सोनोग्राफी करावी लागते असं ऐकलंय.

अंबाजोगाई, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरला सरकारी किंवा धर्मादाय दवाखान्यात पडदा आणि मोतीबिंदू दोन्ही एकाच ठिकाणी कुठे बघतात? शुगर किती खाली आणावी लागली, तुमच्या घरचा अनुभव? मी पुण्यात नोकरीला, सलग चार दिवसच सुट्टी मिळेल. ऑपरेशननंतर थेंब घालायला शेजारच्या काकू तयार आहेत. आत्या मात्र म्हणते, "सोयाबीन निघू दे आधी."