लिनक्स मिंटमधून विंडोजचा डी ड्राइव्ह दिसतो, पण त्यावर सेव्ह होत नाही

रावेर_केळीपट्टा

रामराम मंडळी. केळीच्या पेढीवरचा पीसी आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून शेजारी लिनक्स मिंट (दुसरी, मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं. विंडोज काढलेलं नाही, हिशेबाचं सॉफ्टवेअर तिथंच चालतं. बिलं, वजनपावत्यांचे स्कॅन, सगळं डी ड्राइव्हवर आहे. मिंटमधून डी उघडतो, फायली वाचता येतात, पण सेव्ह करायला गेलं की 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम'. सुडो (ॲडमिनचा अधिकार) लावलं, सीएचमॉड (परवानग्या बदलायची आज्ञा) केलं, काही फरक नाही. विंडोज दर वेळी नीट शटडाउन केलेलं असतं. डी फॉरमॅट न करता यावर लिहिता येईल का? आणि मिंट सुरू झालं की डी आपोआप जोडला गेला तर बरं.

भुसावळ_यार्ड

भाऊ, 'नीट शटडाउन' इथंच मेख आहे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. शटडाउन दाबलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा बंद होत नाही. त्याची रॅममधली अवस्था सी ड्राइव्हवर हायबरफिल नावाच्या फाइलमध्ये उतरवून मशीन झोपतं. त्या अवस्थेत डी ड्राइव्हची सुद्धा माहिती असते: कुठली फाइल कुठे, मोकळी जागा किती. म्हणजे विंडोजच्या लेखी डी अजून उघडाच आहे. तुम्ही मिंटमधून त्यात चार फायली टाकल्या आणि विंडोज जागं झालं, तर ते जुन्याच नोंदींवर पुढे लिहीत सुटेल. नवीन फायली गायब होतील, नाहीतर जुन्यांवर लिहिलं जाईल. म्हणून लिनक्स आधीच हात आखडता घेतं. सुडोचा यात संबंधच येत नाही, अडवणूक परवानगीची नाही.

आधी टर्मिनलमध्ये 'फाइंडएमएनटी' चालवून डीच्या पुढे काय लिहिलंय ते बघा. (आज्ञा इथं उच्चाराप्रमाणे देतोय, टाइप इंग्रजी छोट्या अक्षरांत करा.) 'फ्यूजब्लॉक' असेल तर तो जुना एनटीएफएस-३जी ड्रायव्हर (एनटीएफएस म्हणजे विंडोजची डिस्कवर फायली मांडायची पद्धत), तो शंका आली की नुसतं वाचण्यापुरतं जोडून देतो, तुमच्याकडे तेच झालेलं दिसतंय. 'एनटीएफएस३' असेल तर तो पॅरागॉन कंपनीने दिलेला, कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१५ पासून म्हणजे २०२१ पासून कर्नलमध्येच असलेला. तो ड्राइव्हवर अर्धवट कामाची खूण दिसली की जोडायलाच नकार देतो आणि 'राँग एफएस टाइप' असला दिशाभूल करणारा निरोप दाखवतो. खरं कारण 'सुडो डीएमईएसजी' च्या शेवटच्या ओळींत सापडतं: व्हॉल्यूम डर्टी (काम अर्धवट राहिलेला) आहे आणि फोर्स (जबरदस्तीने जोडायचा पर्याय) दिलेला नाही.

इलाज विंडोजमध्ये करायचा. स्टार्टवर राइट क्लिक, ॲडमिनचं कमांड प्रॉम्प्ट, आणि:

पॉवरसीएफजी /एच ऑफ

याने हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही जातात आणि ती फाइलही पुसली जाते. ती साधारण रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे ८ जीबी रॅमवर तीन जीबीच्या आसपास जागा वर मोकळी. हायबरनेट ठेवायचंच असेल तर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथं फक्त फास्ट स्टार्टअपची खूण काढा. मग त्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सीएचकेडीएसके डी: /एफ' (चेकडिस्क, म्हणजे डिस्कची तपासणी) चालवा. /आर लावू नका, ते अख्खी डिस्क सेक्टरमागून सेक्टर तपासत तासन्‌तास बसतं. झालं की पूर्ण शटडाउन आणि मग मिंट.

एखाद्या दिवशी घाईत असाल तर विंडोजमध्ये शटडाउनऐवजी रीस्टार्ट करून बूट मेनूत मिंट निवडा. रीस्टार्टला फास्ट स्टार्टअप लागू होत नाही.

टर्मिनल_धुळे

एवढ्यासाठी विंडोजमध्ये कशाला जायचं भो? ड्राइव्ह अनमाउंट करा, 'सुडो एनटीएफएसफिक्स -डी /डेव्ह/एसडीए४' मारा, डर्टीची खूण जाते, लगेच लिहिता येतं.

भुसावळ_यार्ड

खूण जाते, घाण जात नाही. एनटीएफएसफिक्स म्हणजे चेकडिस्क नव्हे. ते दोन-चार ढोबळ चुका सुधारतं, जर्नल (चालू बदलांची नोंदवही) रिकामं करतं आणि पुढच्या बूटला विंडोजने तपासणी करावी अशी चिठ्ठी लावतं. जर्नलमध्ये पूर्ण व्हायचं राहिलेलं काम होतं, ते त्याबरोबर गेलं. पीसीवर विंडोज उरलंच नसेल आणि दुसरा विंडोजवालाही हाताशी नसेल, तेव्हा वापरा, तेही कॉपी काढून. इथं तर विंडोज त्याच डिस्कवर आहे. 'रिमूव्ह हायबरफाइल' हा झोपलेल्या विंडोजची फाइल पुसणारा पर्याय आणि एनटीएफएस३ चा 'फोर्स' यांचंही तेच. पेढीच्या बिलांवर तर अजिबात नको.

आणि उन्हाळ्यात आपल्याकडे लाइट जाते, तेव्हा हीच खूण परत लागणार. कॉपीची पट्टी १०० टक्के झाली तरी डेटा काही वेळ रॅममध्येच असतो. मोठी कॉपी झाली की 'सिंक' टाइप करून एंटर मारा, प्रॉम्प्ट परत आला की काम डिस्कवर उतरलं समजा. यूपीएस असेल तर उत्तमच.

तापीकाठ

आपोआप जोडण्याचं सांगतो. 'एलएसबीएलके -एफ' चालवा, डीचा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) घ्या. एनटीएफएसचा यूयूआयडी १६ अक्षरांचा असतो, मधे रेघा नसतात. लांबलचक रेघांचा दिसला तर तो लिनक्सच्या पार्टिशनचा आहे. एसडीए४ असं नाव एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय जोडायचं त्याची यादी असलेली फाइल) लिहू नका, दुसरी डिस्क लावली की ही नावं बदलू शकतात. 'सुडो एमकेडीआयआर /एमएनटी/डी' करून फोल्डर बनवा आणि '/ईटीसी/एफएसटॅब' मध्ये एकच ओळ टाका. क्रम असा: यूयूआयडी=तुमचा नंबर, मग फोल्डर, मग एनटीएफएस-३जी, मग पर्याय, शेवटी दोन शून्य. पर्याय स्वल्पविरामाने जोडायचे, मधे स्पेस नको:

यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,डीमास्क=०२२,एफमास्क=१३३,विंडोज_नेम्स,नोफेल

अंक अर्थातच इंग्रजी. १००० हा मिंटवर पहिल्या युजरचा नंबर, 'आयडी' आज्ञेने खात्री करा. सीएचमॉडने काही होत नव्हतं त्याचं उत्तरही इथंच आहे: असा जोडलेला एनटीएफएस मालकी आणि परवानग्या या ओळीतून घेतो, सीएचमॉड तिथं चालत नाही. एफमास्क १३३ मुळे प्रत्येक पीडीएफ 'चालवण्याजोगी' दिसत नाही. नोफेल विसरू नका. ते नसेल आणि डी जोडला गेला नाही, तर मिंट दीड मिनिट थांबून इमर्जन्सी मोडच्या काळ्या पडद्यावर येतं, आणि पेढीवरचा पोऱ्या तुम्हाला फोन करतो. रीबूट करण्याआधी 'सुडो माउंट -ए' करून बघा. चूक असेल तर तिथंच कळेल.

विंडोज_नेम्स कशाला, तर लिनक्स फाइलच्या नावात कोलन, प्रश्नचिन्ह सगळं चालवून घेतं. 'वजन १०:३०' असं नाव दिलं की ती फाइल विंडोजमध्ये उघडत नाही. हा पर्याय असली नावं दारातच अडवतो.

उलट बाजूचीही एक अडचण आहे, मराठी नावांची. एनटीएफएसमध्ये नाव २५५ अक्षरांपर्यंत चालतं, मिंटच्या स्वतःच्या ईएक्सटी४ पद्धतीत मर्यादा २५५ बाइटची, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, हलंत वेगळे मोजायचे. नुसतं 'खान्देश' २१ बाइट. म्हणजे ८५ चिन्हांपुढचं नाव डीवर सुखाने राहतं, पण होम फोल्डरमध्ये कॉपी करताना 'फाइल नेम टू लाँग' येतं. स्कॅनला अख्खा पत्ता नाव म्हणून देऊ नका.

रावेर_केळीपट्टा

जमनं भो! पॉवरसीएफजी आणि चेकडिस्क झाल्यावर लगेच सेव्ह व्हायला लागलं, एफएसटॅबची ओळही चालली. आता एकच: घरच्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे, तिथं मिंटमधून सी ड्राइव्हवर कुलूप दिसतं आणि तो पासवर्ड मागतो. विंडोजचा पासवर्ड चालत नाही.

तापीकाठ

ते बिटलॉकर, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप. लॉगिनचा पासवर्ड किंवा पिन तिथं लागू नाही, ४८ आकडी रिकव्हरी की लागते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेलं असेल तर बहुधा त्या खात्यात सापडेल. सहा-सहा आकड्यांचे गट, मधल्या रेघांसकट टाका. क्रिप्टसेटअप (लिनक्सचं कुलूपबंद डिस्क उघडायचं साधन) २.३ पासून हे लिनक्सला स्वतःलाच उघडता येतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. फास्ट स्टार्टअपचा नियम तिथंही तोच. आणि सी ड्राइव्हवर लिहूच नका, देवाणघेवाणीला वेगळं पार्टिशन करा.

पीसीवर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे गेलं तर घाबरू नका, लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक समजतं. बिलांवर चुकीची वेळ पडायच्या आत मिंटमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' चालवा.