"एकट्या तोफेने" म्हणे!

गोलंदाज_देवळाली: परवा तात्यांनी लिहिलं, "१ सप्टेंबर १९१४, फ्रान्समधलं नेरी. ब्रिटिशांच्या १३ पौंडी एल बॅटरीच्या एकट्या तोफेने जर्मन घोडदळाची डिव्हिजन पळवली." डोकंच फिरलं. अहो, धुक्यात बॅटरी, म्हणजे सहा तोफांची तुकडी, गाफील सापडली. काही घोडे पाण्यावर गेलेले, आणि समोरच्या उंचवट्यावरून जर्मनांच्या १२ तोफा सुरू! सहापैकी तीनच तोफा वळवता आल्या, शेवटी एक उरली. ती गोळे संपेस्तोवर चालली, मान्य. पण क्वीन्स बेज या ब्रिटिश घोडदळाच्या मशीनगन? मदतीला आय बॅटरी आणि मिडलसेक्स रेजिमेंटचं पायदळ पोचल्यावर जर्मन हलले, ८ तोफा टाकून.

तात्या_पेठकर: मदत येईस्तोवर तग कुणी धरला? कॅप्टन ब्रॅडबरी गोळे आणायला उठला आणि कोसळला. मग डॉरेल आणि नेल्सनने तोफ चालू ठेवली. तिघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस! १९२६ ला बॅटरीला 'नेरी' हा किताब मिळाला, ती शेवटची तोफ, 'एफ' तोफ, लंडनच्या संग्रहालयात आहे. सगळे खुळे आणि तुम्ही शहाणे?

रत्तल_रसिक: भांडा खुशाल, पण '१३ पौंडी' कुणी लिहिलं? पौंडाला मराठीत रत्तल, म्हणून 'रत्तली'!

तात्या_पेठकर: रत्तल आजीबरोबर गेला हो.

रत्तल_रसिक: आमच्या आजीचं रत्तलाचं वजन अजून घरात आहे. बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटतं, त्याला लावतो. 'पौंडी' म्हणजे काय, इंग्रजी पौंडाला मराठी शेपूट.

शुद्धलेखनवाली: आणि 'बॅटरी'चं काय? मुलाने विचारलं, सेल कुठे घालायचे? 'तोफपथक' लिहा.

गोलंदाज_देवळाली: पथक ढोलताशाचं असतं. आम्ही तोफखान्यात १८ वर्षं बॅटरीच म्हणालो.

रत्तल_रसिक: म्हणजे चूक १८ वर्षं चालली.

गोलंदाज_देवळाली: तुम्ही तोफेजवळ उभे राहिलात कधी? माझा डावा कान तिथेच गेला. कागदावर मात्र "वयोमानानुसार", तेही चाळिशीत! म्हणून असल्या पोस्टी झोंबतात. नेरीला गोळ्यांच्या माऱ्यात जुंपलेले घोडे धरून ड्रायव्हर उभे होते. घोडे कोसळले, माणसंही. त्यातल्या एकाचं नाव सांगा पाहू, तात्या.

तात्या_पेठकर: ... नाही सांगता येत. बरं बाबा, "एकट्या" काढतो. झालं समाधान? "पळवली" मात्र राहणार.

गोलंदाज_देवळाली: तेही काढा.

रत्तल_रसिक: आणि 'पौंडी'.