भुकटी बारीक केली, तरी निओडिमियम चुंबकाची कोअर्सिव्हिटी घटली

प्रश्न
आम्ही निओडिमियम-लोह-बोरॉन मिश्रधातूच्या पातळ पट्ट्या हायड्रोजन देऊन फोडतो, जेट मिलमध्ये (वायूच्या वेगवान झोतात) दळतो आणि चुंबकीय क्षेत्रात दाबून १०७० अंश सेल्सियसला सिंटरिंग करतो, म्हणजे तापवून भुकटीचा घट्ट ठोकळा बनवतो. कण जितका लहान तितकी कोअर्सिव्हिटी (उलट चुंबकीय क्षेत्रातही चुंबकत्व टिकवण्याची ताकद) जास्त, या भरवशावर कणांचा सरासरी आकार ४ मायक्रॉनवरून २ वर आणला. पण कोअर्सिव्हिटी १२ किलोओर्स्टेडवरून ९ वर उतरली. मिश्रधातूत निओडिमियम वजनाने ३१ टक्के आहे, कोअर्सिव्हिटी वाढवायला घालतात ते डिस्प्रोसियम अजिबात नाही. चूक कुठे होत असावी?

प्रतिसाद १
तयार चुंबकातला ऑक्सिजन किती आहे? कणाचा व्यास निम्मा झाला की तेवढ्याच वजनाच्या भुकटीचा पृष्ठभाग दुप्पट होतो आणि हवेला तेवढी जास्त जागा मिळते. मुख्य चुंबकीय संयुगातच सुमारे २६.७ टक्के निओडिमियम खर्ची पडते. म्हणजे वितळून कणाकणांमध्ये पसरायला आणि त्यांना चुंबकीयदृष्ट्या एकमेकांपासून अलग ठेवायला तुमच्याकडे जेमतेम ४ टक्के उरते. ऑक्साइड होताना १ ग्रॅम ऑक्सिजन ६ ग्रॅम निओडिमियम अडकवतो, त्यामुळे ऑक्सिजन ०.६ टक्क्यांवर गेला असेल, तर ३.६ टक्के निओडिमियम गेलेच म्हणून समजा. नमुना पॉलिश करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा: कणांभोवती निओडिमियमच्या बारीक उजळ रेषा सलग दिसायला हव्यात; त्या तुटून उजळ भाग नुसता कोपऱ्यांत गोळा झाला असेल, तर निदान झाले.

प्रतिसाद २
हा हिशेब पटतो, पण तापमानाकडेही दुर्लक्ष नको. बारीक भुकटी कमी तापमानाला घट्ट होते. जुनेच तापमान ठेवले तर काही मोजके कण शेजाऱ्यांना गिळून अवाढव्य वाढतात आणि उलट क्षेत्रात सर्वांत आधी त्यांचीच चुंबकीय दिशा पालटते, मग बाकीच्यांच्या बारीकपणाचा उपयोग होत नाही. तापमान २०-३० अंशांनी उतरवून घनता तपासा. भुकटीत मिसळायचे वंगण वाढवले असेल तर कार्बनही मोजा, कारण तोही निओडिमियम खातो.

प्रश्नकर्ता
आम्ही ऑक्सिजन फक्त मिलच्या तोंडाशी, भुकटीतच मोजत होतो, आणि साचा मात्र उघड्या हवेत भरत होतो. आज तयार चुंबकात तो ०.५५ टक्के निघाला. आता साच्याभोवती नायट्रोजनची बंदिस्त पेटी बसवून, तापमान न बदलता, एक खेप घेतो. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे काय झाले ते कळणार नाही.