ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन: विमानाचं अंतर, वेळ आणि मधला थांबा – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझी लेक जानेवारीत नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर, लाँगइयरब्येन गावातल्या विद्यापीठ केंद्रात काही आठवड्यांचा अभ्यासक्रम करायला निघाली आहे. गोव्याहून ऑस्लोपर्यंतचा प्रवास मला समजला, पुढचा नाही. ऑस्लो ते ट्रॉम्सो (उत्तर नॉर्वेतलं शहर) एक तिकीट, ट्रॉम्सो-लाँगइयरब्येन दुसरं, मध्ये फक्त १ तास २० मिनिटं. स्वस्त पडली म्हणून तिनं दोन्ही वेगवेगळी काढली.

भिंतीवरच्या नकाशात हे अंतर बघून माझ्या पोटात गोळा आला. मुंबई-दिल्लीच्या तिप्पट तरी दिसतं. मग माळ्यावरून तिचा शाळेतला पृथ्वीगोल काढला आणि शिवणाचा दोरा दोन्ही गावांवर ताणून धरला. तेवढाच दोरा मुंबईपासून लावला तर दिल्लीच्या अलीकडेच संपला! म्हणजे सपाट नकाशा उत्तरेकडे ताणला जातो, तो असा. अक्षांशांवरूनही हिशेब केला: साडेआठ अंशांचा फरक, थोडं पश्चिमेला सरकणं, मिळून साधारण ९६० किमी. बरोबर आहे ना?

पण ताशी ८०० किमी धरले तर सव्वा तास होतो, तिकिटावर १ तास ४० मिनिटं आहेत. एवढा फरक का? आणि वाटेत सगळा समुद्रच. हवा बिघडली तर विमान उतरतं कुठे? तिथे तेव्हा दिवसभर अंधार असतो, म्हणून जास्तच काळजी वाटते.

प्रतिसाद:
ताई, ९६० बरोबर आहे. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभं राहीपर्यंतची असते. पंखांवरचा बर्फ काढणं, धावपट्टीपर्यंत जाणं, चढताना-उतरताना कमी वेग, सगळं त्यात येतं. अंधाराची काळजी नको, धावपट्टीवर दिवे असतात. अडचण होते ती वारा आणि धुक्यानं. वाटेत फक्त ब्योर्नोया बेट, तिथे विमानतळ नाही. उतरता आलं नाही तर विमान मुख्य भूमीवर परत येतं, तेवढं इंधन धरूनच निघतात.

१ तास २० मिनिटं मात्र मला अजिबात पटत नाहीत. वेगळी तिकिटं म्हणजे ट्रॉम्सोला बॅग काढून घ्या, पुन्हा चेक-इन करा, मग पासपोर्ट तपासणी, कारण स्वालबार्ड शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) बाहेर आहे. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं तिकीट बुडालं. एकाच तिकिटावर काढा, नाहीतर ट्रॉम्सोला रात्रीचा मुक्काम करू दे. ऑस्लोहून थेट विमानही असतं, साधारण तीन तासांचं.

आणि आधी व्हिसा बघा. प्रवेशांच्या रकान्यात काय आहे? ट्रॉम्सोहून निघाली की ती शेंगेनबाहेर पडली, परतताना पुन्हा प्रवेश लागतो. दोनदा किंवा अनेकदा प्रवेशाचाच व्हिसा हवा.

धागाकर्ती:
आत्ताच तिच्याकडून फोटो मागवला. ०१ लिहिलंय. आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, ती तर फोनवर गप्पच झाली. अजून पाच आठवडे हातात आहेत, उद्या सकाळी व्हिसा केंद्र उघडताच दोघी जातो. तिकीट त्यानंतर एकच, सलग काढू. भाऊ, तुमचे फार फार आभार.